बँकॉकमध्ये नाइटलाइफसाठी राहायचं कुठे? पाच जण, चार रात्री आणि दोनदा कॅन्सल केलेलं बुकिंग

दादाचा चाळिसावा वाढदिवस बँकॉकला करायचा हे ठरलं तेव्हा विमानाची तिकिटं दोन दिवसांत झाली आणि हॉटेलचं मात्र "बघू नंतर" असं झालं. त्या "बघू नंतर"मध्ये पंधरा दिवस गेले, दोन बुकिंग कॅन्सल झाली आणि तिसऱ्या ठिकाणी पोचल्यावर रूम बदलावी लागली. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण नाइटलाइफसाठी कुठे राहायचं असं कुणाला विचारलं की तो एका एरियाचं नाव सांगून मोकळा होतो, आणि आमचं जे काही चुकलं ते एरियाच्या नावांवर विसंबूनच चुकलं.

माणसं पाच. दादा आणि वहिनी, दादाचा कॉलेजपासूनचा मित्र ज्याला आम्ही सगळेच भाऊ म्हणतो, मी आणि माझी मैत्रीण. रूम तीन, रात्री चार, गुरुवारी पोचायचं आणि सोमवारी निघायचं. एका रूमला रात्रीचे अडीच हजार बाट, त्याच्या वर जायचं नाही असं दादाने बजावलेलं.

आता कोणाला काय हवं होतं ते सांगते, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. भाऊला क्लब हवा, तोही लाइट लागेपर्यंत. दादाला रूफटॉप, गप्पा, निवांत बसायची जागा. वहिनीला जेवण आणि लाइव्ह म्युझिक मनापासून आवडतं पण साडेअकराला तिचे डोळे मिटायला लागतात, आणि सकाळी सहाला ती चालायला बाहेर पडते म्हणजे पडतेच, सुट्टी असो नाहीतर नसो. मला जॅझ आणि छोटे बार. मैत्रिणीला सगळंच चालतं, पण ती पित नाही, आणि कंटाळा आला की शांतपणे उठून एकटी परत जाते, तिच्यासाठी कुणी मधेच उठलेलं तिला अजिबात आवडत नाही. तिची ही सवय लक्षात ठेवा, सगळं प्रकरण शेवटी तिच्यापाशीच येऊन थांबलं.

पहिलं बुकिंग: थोंग लो

पहिलं बुकिंग भाऊने केलं, थोंग लोमध्ये, एका कॉन्डोमधला तीन बेडरूमचा फ्लॅट. थोंग लो म्हणजे सुखुमवित रोडची सोई ५५. सोई म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटणारी गल्ली, पण गल्ली म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं तसं काही नाही, ही सोई चांगली अडीच किलोमीटर लांब आहे आणि शहरातले एकसे एक बार तिच्यात आणि शेजारच्या एक्कमाईत आहेत. भाऊचं म्हणणं सरळ होतं, बार जिथे तिथेच राहू. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं.

मग मैत्रिणीने मॅप उघडला. लिस्टिंगवर लिहिलेलं "बीटीएस थोंग लो जवळच", आणि फ्लॅट होता सोईच्या पार आतल्या टोकाला, स्टेशनपासून चालत अर्धा तास. बँकॉकची बीटीएस, म्हणजे खांबांवरून जाणारी स्कायट्रेन, सुखुमवित रोडच्या डोक्यावरून जाते, सोईंच्या आत शिरत नाही. म्हणजे जेवायला जायचं असो की परत यायचं असो, दर वेळी टॅक्सी नाहीतर नारिंगी जाकिटवाल्यांची बाईक. वहिनी एकटी अकरा वाजता परत येतेय आणि सोईच्या तोंडाशी उतरून बाईकवाल्याला पत्ता समजावतेय हे चित्र दादाला काही पटेना.

तरी भाऊ अडून बसला होता. ते बुकिंग मोडलं वेगळ्याच गोष्टीने. मालकाचा मेसेज आला की खाली सिक्युरिटीने विचारलं तर "आम्ही मित्राकडे आलोय" असं सांगा आणि रिसेप्शनला बुकिंग दाखवू नका. इथे मी थांबले आणि शोधलं. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे लायसन्स नसताना कॉन्डोमधला फ्लॅट महिन्यापेक्षा कमी मुदतीला रोजाच्या भावाने देता येत नाही, आणि बऱ्याच बिल्डिंगांमध्ये खाली तशी पाटीच लावलेली असते. लोक तरी देतात, लोक तरी राहतात, सगळं सुरळीतही होतं. पण रात्री अडीचला दमून यायचं आणि गेटवर गार्डशी खोटं बोलायचं, त्यात आपल्याला थाई येत नाही, त्याला आपलं इंग्रजी कळत नाही. मी भाऊला एवढंच म्हटलं, "भाऊ, तुला चालेल, पण वहिनीला गेटवर उभी करशील का?" त्याने त्याच रात्री कॅन्सल केलं. पैसे पूर्ण परत मिळाले, कारण फ्री कॅन्सलेशनची तारीख चार दिवस लांब होती. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवणं हे या सगळ्या प्रकरणातलं आमचं सगळ्यात शहाणं काम.

दुसरं बुकिंग: नाना, पण कुठलं नाना?

दुसरं बुकिंग वहिनीने केलं आणि ते चुकलं त्यात तिची चूक नव्हती, ते शहरच तसं आहे. तिने कुठेतरी वाचलेलं की सोई नानामध्ये जुन्या चाळवजा दुकानांच्या इमारतींमध्ये छोटे छोटे सुंदर बार आहेत, मंद दिवे, पन्नास माणसं मावणार नाहीत एवढ्या जागा. तिला ते इतकं आवडलं की तिने मॅपवर नाना टाकलं, बीटीएसचं नाना स्टेशन दिसलं, त्याच्या बाजूचं बरं रेटिंग असलेलं हॉटेल घेऊन टाकलं.

बँकॉकमध्ये नाना दोन आहेत. वहिनीने वाचलेली सोई नाना चायनाटाउनमध्ये आहे, याओवारात या तिथल्या मोठ्या रस्त्याच्या बाजूला, हुआ लाम्फोंग मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. आणि बीटीएसचं नाना स्टेशन सुखुमवितवर, दोन्हींमध्ये सरळ रेषेतच चार-साडेचार किलोमीटर अंतर. सुखुमवितच्या नानाला सोई ४ मध्ये नाना प्लाझा आहे आणि तो सगळा पट्टा गो-गो बारचा. दोन्हीकडे नाइटलाइफच आहे, पण एकीकडे वहिनीला जायचं होतं आणि दुसरीकडे भाऊलाही नव्हतं जायचं.

हे कळलं कसं? रिव्ह्यू वाचताना. सात-आठ रिव्ह्यूंमध्ये "जॉइनर फी" हा शब्द आला. रात्री रूमवर बाहेरचं कुणी आणलं तर हॉटेल जे जादा पैसे घेतं ती जॉइनर फी. ज्या हॉटेलच्या रिव्ह्यूंमध्ये लोक त्या फीची चर्चा करतात ते हॉटेल कुठल्या प्रकारच्या रात्रीसाठी चालतं हे वेगळं सांगायला नको. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, आणि खरं सांगायचं तर सोई ४ रात्री इतकी भरलेली आणि उजळलेली असते की धोका म्हणावा असं काही नाही. पण दर रात्री लॉबीपर्यंत पोचायला त्या गर्दीतून वाट काढायची आणि सकाळी सहाला फिरायला निघताना तिथे अजून रात्रच चालू असायची. वहिनी म्हणाली, "मला चालेल गं, पण रोज नको." तेही कॅन्सल.

नाइटलाइफ हा एकच शब्द आहे पण बँकॉकमध्ये त्याचे निदान पाच-सहा अर्थ होतात आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. खाओ सान म्हणजे बॅकपॅकर्स, रस्त्यावरच नाच, जेमतेम चारशे मीटरचा रस्ता आणि प्रचंड आवाज. सिलोम म्हणजे पातपोंगचा बाजार, सोई २ आणि सोई ४ मधले एलजीबीटी क्लब, पुढे उंच बिल्डिंगांवरचे रूफटॉप. आणि लक्षात घ्या, ही सिलोमची सोई ४, सुखुमवितची वेगळी, आकडा बघून पत्ता धरायचा नाही. थोंग लो-एक्कमाई म्हणजे इथली नोकरी करणारी तरुण मंडळी. आरसीए, पूर्ण नाव रॉयल सिटी अव्हेन्यू, म्हणजे मोठे क्लब. सुखुमवितची सोई ११ म्हणजे सगळ्याची मिसळ. तेव्हा "नाइटलाइफ एरियात हॉटेल" या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

आणि सुखुमवित हे नाव तर सगळ्यात फसवं. तो रस्ता शहरात संपतच नाही, पार कंबोडियाच्या सीमेकडच्या त्रात प्रांतापर्यंत जातो. हॉटेलच्या नावात सुखुमवित असलं म्हणून ते असोकला असेल असं नाही, सोई १०१ लाही असू शकतं, तिथून मधल्या भागात यायला बरीच स्टेशनं जातात. याला सोपा उपाय म्हणजे स्टेशनचा कोड बघायचा. सियाम या मधल्या स्टेशनच्या पूर्वेकडच्या स्टेशनांना ई आणि आकडा असतो, नाना ई३, असोक ई४, फ्रोम फोंग ई५, थोंग लो ई६, एक्कमाई ई७, ओन नुट ई९. आकडा वाढला की तुम्ही लांब चाललात.

मैत्रिणीचा कागद

दोन बुकिंग गेल्यावर मैत्रीण म्हणाली, आता कुणी हॉटेल बघायचं नाही, आधी आपण परत कसे येणार ते काढू. आम्ही सगळे जाण्याचाच विचार करत होतो. संध्याकाळी सातला जायला काय, ट्रेन आहे, टॅक्सी आहे, पाच जण बरोबर आहेत, फोन चार्ज आहे, अंगात उत्साह आहे. शहर अवघड होतं ते परतताना.

तिने एका कागदावर पाच नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर वेळ. वहिनी साडेअकरा. ती स्वतः अकरा ते बारा, एकटी. दादा आणि मी दोन-अडीच. भाऊ, सांगता येत नाही. मग खाली एक आडवी रेघ मारली आणि लिहिलं: बीटीएस आणि एमआरटी, म्हणजे मेट्रो, रात्री बाराच्या आसपास बंद. बार मात्र दोनपर्यंत, आणि १५ डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, फुकेत, पट्टाया वगैरे ठिकाणच्या परवाना असलेल्या जागांना पहाटे चारपर्यंतची परवानगी आहे. म्हणजे रेघेच्या वर दोघी, खाली तिघं. वरच्यांना ट्रेन पाहिजे, तीही न बदलता, आणि स्टेशनपासून चालायचा रस्ता उजेडाचा. खालच्यांना जवळची टॅक्सी पाहिजे, बास.

मग तिने जे विचारलं ते मला अजून आठवतं. "यातला सगळ्यात अवघड परतणारा कोण?" दादा म्हणाला भाऊ, कारण तो सगळ्यात उशिरा येणार. ती म्हणाली, "नाही. भाऊंना टॅक्सी मिळेल, नाही मिळाली तर ते तासभर थांबतील, त्यांना काही वाटणार नाही. अवघड मी आहे, कारण मी एकटी येणार." त्या वाक्यानंतर आमची यादी अर्ध्या तासात संपली, पंधरा दिवस चाललेलं काम.

कारण एकटीने यायचं असेल तर दोन्ही लाइन जिथे भेटतात तिथेच राहायला पाहिजे, आणि सुखुमवितच्या मधल्या भागात ती जागा एकच, असोक. वर बीटीएसचं असोक, खाली एमआरटीचं सुखुमवित स्टेशन. तिथून सिलोम मेट्रोने चौथं स्टेशन, चायनाटाउनची सोई नाना जिथून जवळ ते हुआ लाम्फोंग सहावं, गाडी न बदलता. थोंग लो बीटीएसने दुसरंच. मला ज्या जॅझच्या ठिकाणी जायचं होतं ते सॅक्सोफोन पब, १९८७ पासून चालू आहे, व्हिक्टरी मॉन्युमेंट स्टेशनजवळ, तेही असोकहून त्याच लाइनवर, गाडी बदलायची नाही. सोई ११ चालत दहा मिनिटं. भाऊच्या आरसीएला टॅक्सीने फार वेळ नाही. आणि गंमत म्हणजे असोक आमच्या कुणाच्याच यादीत नव्हतं, कारण तिथे आम्हाला कुणालाच "जायचं" नव्हतं. सोई काउबॉय, म्हणजे आणखी एक गो-गो बारची गल्ली, तिथे आहे म्हणून दादा आधी कचरला, पण ती सोई २१ आणि २३ च्या मधली एक छोटी गल्ली, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहिलं तर तिच्याशी संबंधही येत नाही.

खाओ सानचा विचार भाऊने परत एकदा काढला होता कारण तिथे रूम हजार बाटला मिळत होती. पण तिथे ना बीटीएस ना मेट्रो, सगळ्यात जवळचं साम योत स्टेशन दीड-दोन किलोमीटरवर. खाओ सानलाच रात्र काढायची असेल तर उत्तम, बाकी ठिकाणी जाऊन यायचं असेल तर रोज लांबची टॅक्सी.

असोकला कुठे?

असोक ठरलं तरी हॉटेलं शेकड्याने. इथे आम्ही जे केलं ते कुठल्याही शहरात उपयोगी पडेल म्हणून नीट सांगते.

बुकिंगच्या साइटवर "स्टेशनपासून ६०० मीटर" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सरळ रेषेतलं अंतर असतं, कावळा उडेल तसं. बँकॉकच्या सोई एकमेकींना आतून जोडलेल्या असतातच असं नाही, कितीतरी सोई आत जाऊन भिंतीवर नाहीतर कालव्यावर संपतात. एक हॉटेल ६०० मीटर म्हणत होतं आणि चालायचा रस्ता टाकल्यावर दीड किलोमीटर निघाला, कारण आधी सोईतून मोठ्या रस्त्यावर यायचं, मग पुढच्या सोईपर्यंत जायचं. त्यामुळे प्रत्येक हॉटेलसाठी पायी जायचा रस्ता टाकून बघितला. विषम आकड्यांच्या सोई रस्त्याच्या उत्तरेला, सम आकड्यांच्या दक्षिणेला, आणि समोरासमोर आकडे जुळत नाहीत, थोंग लोची सोई ५५ आहे तिच्या समोर सोई ३८ आहे. म्हणजे "सोई ३८ आणि सोई ५५ लांब असतील" असं समजलात तर फसलात.

आम्ही नियम केला की मोठ्या रस्त्यापासून अडीचशे पावलांच्या आत, आणि सोईच्या तोंडाशी रात्रभर उघडं असणारं दुकान. सेव्हन इलेव्हन बँकॉकमध्ये पावलोपावली आहे, आणि त्याच्या काचेतून फुटपाथवर पडणारा तो पांढरा उजेड, दारात उभी असलेली दोन-चार माणसं, एकटीने चालणारीला याचा केवढा आधार असतो ते मैत्रिणीने आम्हाला समजावलं. स्ट्रीट व्ह्यूमध्ये सगळं दिवसाचं दिसतं, म्हणून ती दिव्यांचे खांब बघत होती, आणि रस्त्यावर नुसती कंपाउंडची भिंत आहे की दुकानं आहेत ते बघत होती. दिवसा झाडांमुळे सुंदर दिसणारी सोई रात्री नुसती भिंत आणि अंधार असू शकते.

तीन हॉटेलांना मेल केला. विचारलं की तुमची फुकट टुकटुक शटल किती वाजेपर्यंत, रात्री रिसेप्शनला माणूस असतो का, आणि शुक्रवार-शनिवारी शेजारी म्युझिक असतं का. एकाची शटल रात्री दहाला बंद, म्हणजे आमच्या काही कामाची नाही. एकाने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने व्यवस्थित उत्तर दिलं, सोई १५ च्या आसपास, २३०० बाट, तेच घेतलं.

आणि तरी एक गोष्ट राहिली

पहिल्या रात्री मी आणि मैत्रीण सव्वाबाराला झोपायला पडलो आणि काहीतरी धपधप चालू होतं. गाणं ऐकू येत नव्हतं, फक्त खालचा ठोका. खिडकी बंद, एसी चालू, तरी ठोका येतोच. टेबलावर काचेचा ग्लास होता, अर्धा भरलेला, आणि फोनच्या उजेडात बघितलं तर त्यातल्या पाण्यावर दर ठोक्याला बारीक वलय उमटत होतं. पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बार होता. दोन वाजता बंद झाला, घड्याळ लावून बघितलं.

हॉटेलने खोटं सांगितलं नव्हतं, आम्ही "शेजारी" विचारलं होतं आणि बार समोर होता. विचारायला पाहिजे होतं की खिडकी कुठल्या बाजूला उघडते आणि त्या बाजूला रात्री काय चालतं. सकाळी रिसेप्शनला जाऊन शांतपणे सांगितलं, त्यांनी मागच्या बाजूची, सहाव्या मजल्यावरची रूम दिली, जादा काही घेतलं नाही. दादा-वहिनीची रूम नशिबाने आधीपासून मागेच होती. नंतर त्याच हॉटेलचे जुने रिव्ह्यू सगळ्यात कमी रेटिंगपासून वाचले तर तिसऱ्याच रिव्ह्यूत लिहिलेलं, "पुढची रूम घेऊ नका". म्हणजे माहिती होती, आम्ही वरचे चांगले रिव्ह्यू वाचून थांबलो होतो. ही माझी चूक, कारण रिव्ह्यू वाचायचं काम माझ्याकडे होतं.

चार रात्री

गुरुवारी जॅझ, सगळे एकत्र. वहिनी आणि मैत्रीण अकराच्या गाडीने परत, काही प्रश्नच आला नाही.

शुक्रवारी सिलोमकडे रूफटॉप. इथे एक सांगते, वरच्या दर्जाच्या रूफटॉपला ड्रेस कोड असतो, चप्पल आणि हाफ पँट चालत नाही, भाऊला हॉटेलवर परत जाऊन बूट घालून यावं लागलं आणि असोकला राहत होतो म्हणून ते पाऊण तासात झालं. पासपोर्टही बरोबर ठेवा, थायलंडमध्ये दारूसाठी वयाची अट २० आहे आणि क्लबच्या दारात ओळखपत्र मागतात. अकरा पस्तीसला मैत्रीण उठली, "मी निघते" म्हणाली आणि गेली. बाराला पाच मिनिटं कमी असताना तिचा फोटो आला, आमच्या हॉटेलच्या लिफ्टच्या आरशातला. दादाने तो फोटो बघितला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीत मागे रेलून बसला. तोवर त्याचं अर्धं लक्ष फोनकडे होतं हे मला तेव्हा कळलं. एकटी जाणारी नीट पोचते हे माहीत असलं की मागे राहिलेल्यांची रात्रही सुधारते, हे आधी आमच्या कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

शनिवारी वाढदिवस, थोंग लो. बाराला केक कापला, वहिनी त्या दिवशी बारापर्यंत जागी राहिली आणि मैत्रिणीबरोबर ॲपच्या गाडीने लगेच परत गेली. आम्ही तिघं अडीचपर्यंत. आणि मग सप्टेंबरचा पाऊस. बार बंद झाले आणि सगळी गर्दी एकाच वेळी रस्त्यावर, सोईच्या आत, स्टेशनपासून एक किलोमीटरवर, पावलं बुडतील एवढं पाणी. ॲपवर गाडीचे पैसे नेहमीच्या तिप्पट दिसत होते आणि तरी गाडी मिळेना. उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांनी मीटरला नाही म्हटलं, तीनशे बाट एकरकमी मागितले. बँकॉकच्या टॅक्सीचा मीटर ३५ बाटला चालू होतो, आमचं अंतर चार किलोमीटरच्या आतलं. भाऊचा फोन बंद पडलेला, माझा सात टक्क्यांवर.

दादा म्हणाला चला चालत मोठ्या रस्त्यापर्यंत. पंधरा-वीस मिनिटं चाललो, भिजलो. सुखुमवित रोडवर असोकच्या दिशेने जाणारी रिकामी टॅक्सी लगेच थांबली आणि ड्रायव्हरने न बोलता मीटर टाकला. ६१ बाट झाले. बारच्या दारात उभी असलेली टॅक्सी आणि मोठ्या रस्त्यावरून आपल्याच दिशेने चाललेली टॅक्सी, यात एवढा फरक पडतो.

न्यायाने सांगायचं तर त्या एका रात्री आम्ही थोंग लोला राहत असतो तर पाच मिनिटांत घरी असतो. भाऊने टॅक्सीत ते बोलूनही दाखवलं. दादा त्यावर म्हणाला, "हो, आणि बाकीच्या तीन रात्री या दोघींनी काय केलं असतं?" भाऊ गप्प बसला, पण माझ्या मते दोघंही बरोबर होते. पाचही जण भाऊसारखे असते तर मी थोंग लो-एक्कमाईच घेतलं असतं, फक्त लायसन्स असलेलं हॉटेल आणि स्टेशनच्या अंगाचं. दोघंच नवरा-बायको असते तर सिलोम.

रविवारी चायनाटाउनची सोई नाना, वहिनीला हवी होती तीच. खरंच सुंदर आहे, लहानशी गल्ली, वीस-पंचवीस मिनिटांत सगळी बघून होते आणि मग एका जागी बसून राहायचं. आम्ही चौघं शेवटच्या मेट्रोच्या आधी निघालो. भाऊ तिथूनच आरसीएकडे गेला.

पैशाचं

तीन रूम, चार रात्री, २३०० प्रमाणे २७,६०० बाट. खाओ सानला हेच बारा हजारांत झालं असतं. बरेच जण सांगतात की लांब राहून वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात, तर आमच्या हिशेबात तसं निघत नाही. रोज दोन-तीन लांबच्या टॅक्सी धरल्या तरी पंधरा हजारांचा फरक भरून निघणं कठीण. म्हणजे जास्तीचे पैसे आम्ही मोजले ते वहिनीच्या झोपेसाठी आणि मैत्रिणीच्या त्या लिफ्टमधल्या फोटोसाठी. दादाला मी हे असंच सांगितलं, वाचले असं सांगितलं नाही. तो म्हणाला पुढच्या वेळी बजेट ठरवताना आधी कागद काढू.

सोमवारी सकाळी वहिनी नेहमीसारखी बेंजाकिती पार्कला निघाली, पावणेसहा झाले असतील. हॉटेलचं काचेचं दार उघडलं तर समोरून भाऊ येत होता, हातात बूट, दुसऱ्या हातात सेव्हन इलेव्हनची पिशवी. तिने विचारलं, "काय भाऊ, आत्ता?" तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत्ता?" त्याने तिच्यासाठी दार धरलं, ती बाहेर गेली, तो आत आला.